यकृताचे व्रण आणि रक्ताची साक्ष

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. वक्ते अनेक वर्षे तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून रुग्णसेवा करीत आहेत.)



संयोजकांनी मला प्रथम 'आहार आणि आरोग्य' असा विषय सुचविला होता. परंतु आहाराविषयी आपल्या समाजाला डॉक्टरांनी उपदेश करावा, असे फारसे काही शिल्लक राहिले आहे असे मला वाटत नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो उदारपणे मान्य केला. आज मी यकृताविषयी बोलणार आहे. त्यातही दीर्घकालीन काविळीच्या विषाणूंमुळे यकृतात पडणारे व्रण केवळ रक्ताच्या तपासणीवरून कसे ओळखता येतात, याविषयी. विषय रुक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही तो निवडण्यास एक कारण आहे, आणि ते कारण सांगताना मला माझी एक चूक कबूल करावी लागणार आहे.

आमच्या गावातील एक अडत व्यापारी गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येत असत. निर्व्यसनी, वक्तशीर, सूर्यास्तापूर्वी जेवणारे. त्यांची गोष्ट मी त्यांच्या परवानगीने सांगत आहे. नाव अर्थातच सांगणार नाही. २००८ साली त्यांनी एका शिबिरात रक्तदान केले. काही दिवसांनी रक्तपेढीचे पत्र आले, की आपल्या रक्तात 'हिपॅटायटिस बी'चा अंश आढळला आहे, डॉक्टरांना भेटावे. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. मी रक्त तपासले. वय ४३, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख १२ हजार. सारे आकडे प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेच्या आत होते. त्या काळी आम्ही सर्रास वापरीत असलेला शब्द मी वापरला. "तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काळजी करू नका," असे म्हणालो. ते निश्चिंत मनाने घरी गेले.

२०१२ साली पुन्हा तपासणी झाली. एसजीओटी ५२, एसजीपीटी पुन्हा ४९, प्लेटलेट १ लाख ७४ हजार. मी त्यांना शहरातील तज्ज्ञांकडे पाठविले. तज्ज्ञांनी यकृताची बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याचा सल्ला दिला. घरच्यांनी नकार दिला. "दारूचा थेंब नाही, आणि सुई कशाला टोचायची?" असा एकूण सूर होता. मी आग्रह धरला नाही. २०१६च्या पावसाळ्यात ते किरकोळ ताप घेऊन आले. एसजीओटी ५८, एसजीपीटी तीच ४९, प्लेटलेट १ लाख २८ हजार. पावसाळा आणि उतरलेल्या प्लेटलेट, म्हणून मी डेंगीची तपासणी केली. ती निर्दोष आली. ताप उतरला, आणि विषय तिथेच थांबला. महिन्याभराने प्लेटलेट पुन्हा मोजायला हव्या होत्या; त्या मी मोजल्या नाहीत.

२०१७च्या दिवाळीनंतर एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. शहरातील रुग्णालयात एन्डोस्कोपी झाली. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांपैकी एक फुटली होती. सोनोग्राफीत यकृत आक्रसलेले, गाठीगाठींचे आणि प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, वाढलेली दिसली. निदान झाले सिरॉसिस.

ते वाचले. त्यांची फाइल मात्र मी त्या रात्री पुन्हा उघडून बसलो. तीन अहवाल एकाखाली एक मांडले, आणि जे नऊ वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते ते मला प्रथमच दिसले. हे कसे दिसले, ते सांगण्यासाठी थोडे यकृताच्या आत जावे लागेल.

यकृताच्या पेशींच्या आसपास ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. १८७६ साली कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचे प्रथम वर्णन केले. निरोगी अवस्थेत त्या शांतपणे 'अ' जीवनसत्त्व साठवून ठेवतात. परंतु विषाणूंमुळे यकृताचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, की या पेशी आपले मूळ काम सोडून तंतू विणू लागतात. जखम भरून काढण्यासाठीच ही धडपड असते. पण जखम थांबतच नाही आणि तंतूही थांबत नाहीत. यालाच फायब्रोसिस किंवा तंतुमयता म्हणतात. डॉक्टर तिच्या शून्य ते चार अशा श्रेणी मानतात. चौथी श्रेणी म्हणजे सिरॉसिस. स्टेथोस्कोपचे जनक लाएनेक यांनी १८१९ साली हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेतील पिवळसर-तपकिरी रंगाच्या शब्दावरून. अशा यकृताचा रंग त्यांना तसा दिसला होता.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'यकृत बिघडले म्हणजे दारू प्यायला असणार' हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे, की निर्व्यसनी घरात यकृताचा आजार निघाला तर रुग्णाला तो अपराध वाटू लागतो. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू कोणाचे व्रत पाहत नाहीत. बाळंतपणात आईकडून बाळाला, पूर्वीच्या काळी नीट न उकळलेल्या सुयांतून, न तपासलेल्या रक्तातून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, दाम्पत्यजीवनातून ते येतात. एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातून पाणी प्यायल्याने ते येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा आणि सुमारे ५५ लाख लोकांना सीचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांतील बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण यकृत हा अत्यंत सोशिक अवयव आहे. तो दुखत नाही. पाय सुजले, पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, तेव्हाच तो बोलतो. आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हणून खरा प्रश्न असा असतो, की विषाणू आहे हे कळले, पण यकृतात व्रण किती आहेत? त्यावरच उपचार केव्हा सुरू करायचे, कर्करोगासाठी पाळत ठेवायची की नाही, हे बहुतांशी ठरते.

या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके केवळ बायोप्सीने मिळत असे. १९५८ साली इटलीतील मेंघिनी यांनी एका सेकंदात तुकडा काढणारी सुई प्रसिद्ध केली आणि ही तपासणी जगभर पसरली. मी स्वतः शिकत असताना ती केली आहे. दुखते, सुईनंतर रुग्णाला काही तास निजून राहावे लागते, क्वचित रक्तस्राव होतो, आणि दर दहा हजारांमागे एखादा मृत्यूही होतो असे आमच्या पुस्तकांत लिहिलेले असते. पण मला आज सांगायची आहे ती त्याहून वेगळी अडचण. त्या सुईत येणारा तुकडा संपूर्ण यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. २००२ साली अमेरिकेतील एका अभ्यासात हिपॅटायटिस सीच्या १२४ रुग्णांच्या यकृताच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेतले गेले. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत दोन्ही तुकड्यांच्या श्रेणीत निदान एका पायरीचा फरक निघाला. ज्या तपासणीला आम्ही अंतिम प्रमाण मानीत होतो, तीही अशी डळमळीत. आणि ही डळमळीत तपासणी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करू, असे कोणत्याही रुग्णाला सांगता येत नाही.

मग रक्ताकडे लक्ष वळले. व्रण वाढले की रक्तात त्याच्या खुणा उमटतात. यकृत ताठर झाले, की आतड्यांतून येणाऱ्या रक्ताचा मार्ग तुंबतो. तुंबलेल्या रक्तामुळे पाणथरी फुगते आणि फुगलेली पाणथरी प्लेटलेट आपल्यात अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा निरोप देणारे एक द्रव्य यकृतातच बनते, तेही कमी पडते. परिणाम असा, की प्लेटलेटची संख्या हळूहळू, वर्षानुवर्षे उतरत जाते. दुसऱ्या बाजूला एसजीओटी हे यकृतपेशींतील द्रव्य रक्तात वाढते, आणि व्रण वाढल्यावर ते रक्तातून दूर होण्याची गतीही मंदावते. त्यामुळे ते एसजीपीटीला मागे टाकू लागते.

मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी २००३ साली या दोन आकड्यांचे एक साधे गणित मांडले. त्याला 'अप्री' म्हणतात. एसजीओटीला प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेने भागायचे, आलेल्या संख्येला प्लेटलेटने भागायचे आणि शंभराने गुणायचे. २००६ साली स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे गणित दिले, ते 'फिब-फोर'. त्यात वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा. प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करायचा. आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. दोन्ही गणितांत प्लेटलेट हजारांत घ्यायच्या असतात. म्हणजे अहवालात १,७४,००० किंवा १.७४ लाख असे लिहिले असेल, तर गणितात १७४. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण येथे चूक होऊन एका गृहस्थांनी मला रात्री दहा वाजता घाबरून फोन केला होता. त्यांचे उत्तर खरे तर शंभरपट चुकले होते.

फिब-फोर १.४५ हून कमी आला, तर गंभीर व्रण असण्याची शक्यता थोडी, ३.२५ हून अधिक आला, तर ती बरीच. अप्रीमध्ये ०.५ हून कमी हे दिलासादायक मानतात. वरच्या टोकाची रेषा मात्र मध्यंतरी बदलली. ती गोष्ट पुढे येईल.

आता त्या व्यापारी गृहस्थांची फाइल. २००८ साली फिब-फोर होता १.१०. तेव्हा मी जे सांगितले ते आकड्याच्या दृष्टीने फारसे चुकीचे नव्हते. २०१२ साली तोच २.०१. २०१६ साली ३.३०. एसजीपीटी तिन्ही वेळा ४९ होती आणि त्या प्रयोगशाळेची मर्यादा ५० होती. मी त्या एका आकड्याकडे पाहून निर्धास्त राहिलो. प्लेटलेट २१२ वरून १७४ वर आल्या, तेव्हाही त्या 'नॉर्मल'च होत्या, कारण दीड लाखापर्यंत प्रयोगशाळा काही म्हणत नाही. पण एखाद्या माणसाच्या प्लेटलेट चार वर्षांत चाळीस हजारांनी का उतरल्या, हा प्रश्न प्रयोगशाळेने विचारायचा नसतो. तो मी विचारायचा असतो. हे गणित २००६ पासून उपलब्ध होते. त्याला वेगळी सुई नको होती, वेगळा खर्च नको होता. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरली असती. सुईला ज्या घराने नकार दिला, त्या घराला मी हा दुसरा मार्ग दाखवू शकलो असतो. मी तो दाखवला नाही.

एवढे ऐकून आपण सर्वजण आज रात्री घरी जाऊन फाइली काढून गणिते मांडाल, याची मला खात्री आहे. म्हणून या गणितांच्या मर्यादाही तितक्याच ठळकपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा वयाची. फिब-फोरमध्ये वय वरच्या बाजूला आहे. ३६ वर्षांच्या माणसाचा एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट २४० असतील, तर उत्तर येते ०.७५. अगदी हेच आकडे ७२ वर्षांच्या आजोबांचे असतील, तर उत्तर १.५०. म्हणजे यकृतात काहीही बदल नसताना केवळ वाढदिवस साजरे केल्याने आजोबा संशयाच्या कक्षेत आले! म्हणून पासष्टीनंतर हा आकडा थोडा सैल हाताने वाचावा लागतो. आणि पस्तिशीच्या आतील तरुणांत तो विश्वासार्ह राहत नाही, त्यांना तो खोटा दिलासा देऊ शकतो.

दुसरी मर्यादा तापाची. डेंगी, मलेरिया, कोणताही विषाणुजन्य ताप प्लेटलेट खाली आणतो. नुकतीच तीव्र कावीळ होऊन गेली असेल, तर एसजीओटी शेकड्यांत जाते. अशा वेळी काढलेले उत्तर यकृताच्या व्रणांविषयी काहीही सांगत नाही. मी २०१६ साली केली ती चूक उलट्या दिशेची होती: तापाच्या नावाखाली खरी घसरण झाकली गेली. बरे झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणे, हाच त्यावर उपाय. जोरदार व्यायामानंतर किंवा कष्टाच्या कामानंतरही एसजीओटी वाढते, कारण ते स्नायूंतही असते. सुगीच्या दिवसांत शेतात राबलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी रक्त घेऊन त्याला घाबरवू नये.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ही गणिते दोन टोकांना बोलतात, मध्ये ती मौन पाळतात. फिब-फोर १.४५ ते ३.२५ यांच्यामध्ये आला, तर त्याचा अर्थ 'थोडासा आजार' असा नाही. त्याचा अर्थ 'या तपासणीने सांगता आले नाही, पुढची करा' असा आहे. आणि टोकांवरही दोन्हींचे वजन सारखे नाही. स्टर्लिंग यांच्या मूळ अभ्यासात १.४५ खालील रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांना खरोखरच गंभीर व्रण नव्हते, पण ३.२५ वरील रुग्णांपैकी ते असणारे सुमारे ६५ टक्के होते. म्हणजे खालचा आकडा धीर द्यायला चांगला, वरचा आकडा शिक्का मारायला अपुरा. वरचा आकडा आला म्हणून कोणाला 'तुम्हाला सिरॉसिस झाला' असे सांगणे, हे मी बेजबाबदारपणाचे मानतो. त्याला सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन, तज्ज्ञांचा सल्ला यांकडे पाठवायचे असते.

फायब्रोस्कॅनविषयी दोन वाक्ये. फ्रान्समध्ये विकसित झालेले हे यंत्र २००३ च्या सुमारास पुढे आले. बरगड्यांच्या मधून एक हलका ठोका देऊन तो यकृतातून किती वेगाने जातो, यावरून यकृत किती ताठर आहे हे ते मोजते. दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होते. आता मोठ्या शहरांतून ते सहज उपलब्ध आहे. फ्रान्समध्येच २००१ साली पुढे आलेली 'फायब्रोटेस्ट' आणि त्यानंतर आलेली 'ईएलएफ' या नावाच्या रक्ततपासण्याही आहेत, ज्यांत तंतूंच्या घडण-मोडीशी संबंधित किंवा यकृतात बनणारी विशेष द्रव्ये मोजतात. त्या महाग आहेत आणि आपल्या भागात क्वचितच होतात. त्यात मी आपला वेळ घेत नाही.

मघाशी बदललेल्या रेषेचा उल्लेख केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हिपॅटायटिस बीसाठी सांगितले होते, की अप्री २ हून अधिक असेल तर सिरॉसिस समजून उपचार सुरू करावेत. पुढे लक्षात आले, की ही रेषा फार उंच आहे. सिरॉसिस असलेले अनेक रुग्ण तिच्या खालून निसटतात. मार्च २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती १ वर आणली गेली, आणि अप्री ०.५ हून अधिक असेल किंवा फायब्रोस्कॅन ७ हून अधिक असेल, तर प्रौढ रुग्णाला औषध सुरू करावे असे सांगण्यात आले. आमच्या गृहस्थांचा अप्री २००८ साली ०.४५ होता, २०१२ साली ०.७५, २०१६ साली १.१३. जुन्या रेषेनुसार ते कधीच सिरॉसिसचे ठरले नसते. नव्या रेषेनुसार २०१२ सालीच त्यांच्या हातात औषधाची गोळी पडली असती. एका रेषेची उंची बदलल्याने माणसाच्या आयुष्यातील पाच वर्षे कशी बदलतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्याजवळ नाही.

आणि औषध मिळणे म्हणजे केवळ आजार थोपवणे नव्हे. आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो, की यकृतात एकदा व्रण पडला की तो कायमचा. ते खरे नाही. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिपॅटायटिस बीच्या ३४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेनोफोविर या औषधाची रोज एक गोळी, अशी पाच वर्षे. आधी आणि नंतर बायोप्सी. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत व्रण मागे हटले होते. आणि सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत पाच वर्षांनी तो राहिला नव्हता. हिपॅटायटिस सीमध्ये तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणूच नाहीसा होतो. भारत सरकारने २८ जुलै २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य काविळ नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. तेथे सीच्या रुग्णाला कोणत्या दोन औषधांची जोडी द्यायची, हे सिरॉसिस आहे की नाही यावर ठरते. आणि ते ठरविण्यासाठी आधार घेतला जातो तो याच अप्री आणि फिब-फोर यांचा. पेन्सिलीने मांडता येणारे गणित आज जिल्हा रुग्णालयात औषधाची निवड करीत आहे, याचे मला कौतुक वाटते.

मात्र उपचार सुरू झाल्यावर ही गणिते जपून वापरावीत. औषधाने दाह थांबला की एसजीओटी काही आठवड्यांत उतरते आणि अप्रीही झरकन खाली येतो. तो व्रण भरल्याचा पुरावा नव्हे. ज्यांना एकदा सिरॉसिस झाला, त्यांनी विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करीत राहावे, कारण कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. ते गृहस्थ आजही दर सहा महिन्यांनी येतात. त्यांच्या पत्नी व दोन्ही मुलांची तपासणी झाली. थोरल्या मुलात विषाणू आढळला, धाकट्याला आणि आईला लस दिली. थोरल्याच्या लग्नाच्या वेळी हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी मुलीकडच्यांना स्वतः सांगितले आणि मला बोलावून घेतले. मी एवढेच म्हणालो, की मुलीला आधी लस देऊ. लग्न झाले. त्यांच्या नातीला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली लस मिळाली.

विश्वस्त मंडळापुढे एक विनंती ठेवतो. संस्थेच्या वार्षिक आरोग्य शिबिरात साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले जाते. त्यात प्रत्येकाची आयुष्यात एकदा हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व्हावी. ज्यांच्यात विषाणू निघेल त्यांचा अहवाल गुप्त राहावा. सूचना फलकावर नावे लागतात तशी ती लागू नयेत. आणि त्यांच्या रक्ताच्या अहवालाखाली फिब-फोरचा आकडा छापून द्यावा. आमच्या गावातील प्रयोगशाळेला मी ही विनंती केली, तेव्हा त्यांनी संगणकात ते सूत्र एका दुपारी बसविले.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी महिला मंडळाकडून एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. विचारले आहे, की पर्युषण पर्वातील उपवासांनंतर लगेच यकृताची तपासणी केली तर चालते का? प्रश्न फार मार्मिक आहे. दीर्घ उपवासाने रक्तातील बिलिरुबिन वाढते. आणि काही लोकांत जन्मतःच ते थोडे अधिक असते, त्यांच्यात तर उपवासाने डोळे पिवळसरही दिसतात. हा आजार नव्हे. पारणे झाल्यावर काही दिवसांत ते पूर्ववत होते. अप्री आणि फिब-फोर यांत बिलिरुबिन येत नाही, पण फायब्रोटेस्टमध्ये येते, आणि तिचा निकाल उपवासानंतर चुकीचा वर जाऊ शकतो. तेव्हा पारण्यानंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच रक्त द्यावे. फायब्रोस्कॅनसाठी मात्र किमान तीन तास पोट रिकामे लागते, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढते आणि ते असते त्याहून ताठर भासते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी सकाळी आठची वेळ घ्यावी. त्यांची बारा तासांची तयारी आपोआप झालेली असते.